इनासकाकांचा खांदा

वारा कुठून येतोय हे बघितल्याशिवाय इनासकाका कुठेच बसत नसत. एसटीत खिडकी नको, लग्नात पंख्याखालची खुर्ची नको, आणि त्यांच्या स्वतःच्या दुकानात तर पंखाच नव्हता. मे महिन्यात अख्खं खालापूर घामाने निथळत असताना हा गृहस्थ कानाला मफलर गुंडाळून गॅसच्या शेगड्या दुरुस्त करत बसलेला असायचा. दाढी अर्धी. म्हणजे डावा गाल रोज गुळगुळीत, आणि उजव्या गालावर पांढरं रान माजलेलं. नवीन माणूस दोन मिनिटं बघत राहायचा आणि मग हळूच मला येऊन विचारायचा, "ते समोरचे काका डोक्याने ठीक आहेत ना?"

माझं मेडिकल त्यांच्या दुकानाच्या बरोबर समोर, म्हणून हा प्रश्न मलाच. मी म्हणायची, "तुमच्या-माझ्यापेक्षा ठीक आहेत. कुकर आणलाय ना? द्या आणि जा."

काका मूळचे वसईकडचे ख्रिस्ती. साजगावच्या एका कारखान्यात फिटर म्हणून आले, तिथेच निवृत्त झाले, आणि मग खालापुरात हे दुकान टाकलं. घरोघरचे कुकर, शाळेची खिचडीची शेगडी, कळंबच्या रिसॉर्टचे भलेमोठे बर्नर, सगळं त्यांच्याकडे यायचं. रविवारी सकाळी बायकोबरोबर एसटीने 'देवळात' जायचे. ते चर्चला देऊळच म्हणायचे. मला हे कळायला वर्ष गेलं. तोवर मी त्यांना प्रसाद मागायची.

दुखणं होतं उजव्या गालातल्या शिरेचं. ज्याला आहे त्यालाच ते माहीत. वारा लागला, घास चावला, गालाला बोट लागलं, की कानापासून जबड्यापर्यंत वीज उतरल्यासारखी कळ यायची. पाच-दहा सेकंद टिकायची, पण त्या वेळात माणूस पार जाऊन यायचा. त्यांची शिरेची गोळी माझ्याकडूनच जायची.

पहिल्यांदा ते आले तेव्हा मला यातलं काही माहीत नव्हतं. म्हातारा माणूस उन्हातून आलाय म्हणून मी काउंटरवरचा पंखा त्यांच्याकडे वळवला. त्यांनी एकदम तळहात वर केला, ट्रॅफिक हवालदार करतो तसा. डोळे घट्ट मिटले. अंग ताठ. म्हटलं, गेला हा म्हातारा माझ्या दुकानात. मग त्यांनी हात खाली घेतला, श्वास सोडला आणि म्हणाले, "पोचलं."

"काय पोचलं? कुठे?"

"आमच्या गल्लीतल्या शेवंताकडं. आज तिला दवाखान्यात नेलंय, बाळंतपणाला. आजचं तिच्या नावानं हाय."

मी हसले. तोंडावर हसले, खोटं कशाला सांगू. मी फार्मसी शिकलेली बाई. अंगारे-धुपारे करणाऱ्यांना काउंटरवरूनच परत पाठवणारी.

पुढे त्यांची पद्धत कळली. रोज सकाळी दुकान उघडलं की लोखंडी दाराच्या आतल्या बाजूला खडूने एक नाव लिहायचे. एका दिवसाला एकच. दिवसभरात कळ आली की त्या नावानं द्यायची, दुसऱ्या दिवशी पुसायचं. कधी नाव नसायचंच. 'टोलनाक्यावर पडलेला मोटरसायकलवाला' असंही एकदा वाचलं मी. बायकोला, म्हणजे मरीकाकींना, याचा मनस्वी राग होता. "गावाला वाटतो रोज," त्या म्हणायच्या, "आणि चपाती डाळीत कुस्करून मी भरवते. माझं नाव कधी लिवलं काय त्या दारावर?"

"तुझं कायमचं हाय, ते पुसत नाय म्हणून दिसत नाय," काका डाव्या कोपऱ्यातून हसत म्हणायचे. उजवीकडे हसायची सोय नव्हती.

एकदा दुपारी गिऱ्हाईक नव्हतं तेव्हा मी त्यांना छेडलं. म्हटलं, "काका, तुमची कळ दुसऱ्याच्या कामाला कशी येते? मला समजेल असं सांगा."

"तुला शिमोनाची गोष्ट ठाऊक हाय?"

"कोण शिमोन? रिसॉर्टवाला?"

"गप गं. येशूला क्रूस देऊन हाणत नेत होते बग. मारून मारून पार गेलेला, पाय उचलंना. तेवढ्यात एक माणूस शेतावरनं येत होता. शिपायांनी धरला, म्हणाले, चल, खांदा लाव. त्यानं काय नवस केलेला? उगाच वाटेत सापडला. पण लावला खांदा. चार पावलं गेला."

"मग?"

"मग काय. जगाला सोडवायचं काम येशूचं. त्यानं केलं, पुरं केलं. शिमोनानं कुणाला तारलं नाय. पण ते लाकूड वर गेलं, त्यात शिमोनाची चार पावलं हायत का नाय? हायत. देवानं ठेवून घेतली ती. माझं पण तसंच. दुखणं मी मागितलं नाय, वाटेत धरलं मला. आता आलंच हाय, तर बोंबलत न्यायचं का त्याच्या लाकडाला खांदा लावून न्यायचं, एवढंच माझ्या हातात."

"खांदा मेलेल्याला देतात, काका."

"त्याला जिवंतपणी लागला," ते म्हणाले, आणि कुकरची शिटी साफ करायला लागले.

मला ते पटलं असं नाही. पण त्या दिवसापासून मी हसायची बंद झाले.

गावाला मात्र फारच पटलं, आणि भलतंच पटलं. आपल्याकडे एकदा कुणाच्या नावाने काम होतं म्हटलं की झालं! लोक नाव लिहायला सांगायला यायला लागले. कुणाच्या पोरीची बारावी, कुणाची व्यालेली म्हैस. कुणीतरी दुकानाच्या पायरीवर नारळ फोडून गेलं, तेव्हा काकांनी तो उचलून रस्त्यात भिरकावला होता. आणि हळूहळू एक हिशेब लोकांनी आपल्या मनानेच लावून टाकला: कळ जेवढी जोरात, तेवढं काम पक्कं. "काल काकांना चारदा आली गं, आता निकाल चांगलाच!" असं बाया माझ्या काउंटरवर आनंदाने सांगायच्या. आनंदाने! मला कसंतरी व्हायचं.

कळस केला दामूशेठने. जमिनीचे व्यवहार करणारा माणूस, दुसऱ्या दिवशी कोर्टात तारीख. दाराच्या आत स्वतःचं नाव लिहून घेतलं होतंच, तरी हा गडी टेबल-फॅन घेऊन दुकानात. म्हणे, "काका, जरा बघा फिरतो का नीट," आणि प्लग घालून सरळ त्यांच्या तोंडावर सुरू केला.

मी रस्ता ओलांडून धावले. काका बाकावर आडवे, तळहात वर, डोळ्यांतून पाणी. मी प्लग उपटला आणि दामूशेठला जे काही बोलले ते इथे लिहिता येणार नाही. तो हात जोडून उभा. "माफ करा ताई, पण उद्याची तारीख लई महत्त्वाची हाय."

काका उठून बसले. त्याच्यावर ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, "कळ मंजे काय पान्हा हाय रं, वासरू दाखवून सोडवायला?"

"माणूस आहे का जनावर!" मी दुकानात येऊन कितीतरी वेळ धुसफुसत होते. हे मुद्दाम सांगते, कारण त्यानंतर दोनच महिन्यांनी मी काय केलं ते पुढे आहे.

गणपती गेले आणि डेंग्यूने डोकं वर काढलं. माझी तन्वी नऊ वर्षांची. सोमवारी ताप, मंगळवारी सकाळी अंगावर पुरळ, दुपारी पनवेलच्या हॉस्पिटलात. प्लेटलेट बेचाळीस हजार. डॉक्टर म्हणाले, अजून उतरतील, लक्ष ठेवू. मेडिकल चालवणाऱ्या बाईला डेंग्यू काय असतो हे समजावून सांगावं लागत नाही, तोच तर वांधा. दुसऱ्या आयांना जे माहीत नसतं ते सगळं मला माहीत होतं.

संध्याकाळी नवऱ्याला तिच्याजवळ बसवून मी कपडे घ्यायला खालापूरला आले. काका दुकान बंद करत होते. त्यांच्या हातात पिशवी होती, एक्सरे-बिक्सरे असलेली. गुरुवारी त्यांना मुंबईच्या सरकारी रुग्णालयात दाखल व्हायचं होतं, त्या शिरेच्या ऑपरेशनसाठी. किती वाट बघून ती तारीख मिळाली होती ते मला ठाऊक होतं. कागद मीच भरून दिले होते.

"पोर कशी हाय?" त्यांनी विचारलं.

मी काय बोलले ते मला शब्दन्‌शब्द आठवतं. मी म्हटलं, "काका, नाव लिहा तिचं. आणि गोळी नका घेऊ. दोन दिवस फक्त. सगळं तिला द्या."

ही गोळी एकदम बंद करायची नसते, हे मीच प्रत्येक गिऱ्हाइकाला बजावते. पाकिटावर लाल पेनाने लिहून देते. काका माझ्याकडे बघत राहिले. मी हात जोडले होते, दामूशेठसारखेच. त्यांनी खडू काढला, दार अर्धं उघडलं आणि आतल्या बाजूला लिहिलं, 'तन्वी'.

बुधवारी प्लेटलेट एकोणीस हजार. नाकातून रक्त आलं. त्या दिवसाबद्दल मी काही सांगत नाही.

बुधवारी संध्याकाळी मरीकाकींचा फोन आला. "अगं, यानं गोळी सोडलीय. सकाळपास्नं घोटभर पाणी घेतलं नाय. भिंतीला डोकं घासतोय. काय सांगितलंस का तू त्याला?"

मी म्हटलं, "नाही."

गुरुवारी सकाळी तेवीस हजार. वाढल्या! चारच हजार, पण वाढल्या. मी कॉरिडॉरमध्ये उभी राहून रडत होते आणि तेवढ्यात परत मरीकाकींचा फोन. "मुंबईला जायचं तर उठवत नाय त्याला. तारीख जाईल गं. तू मेडिकलवाली, तुझं ऐकतो तो. एकदा सांग गोळी घे म्हणून. फोन देऊ?"

मला भीती वाटली की त्यांनी गोळी घेतली आणि बारा वाजताचा रिपोर्ट खाली आला तर? मी मनात म्हटलं, पन्नास हजार होऊ देत, मग सांगते. मोठ्याने म्हटलं, "काकी, डॉक्टर आलेत, मग करते," आणि फोन ठेवला. डॉक्टर आले नव्हते. अजूनही कुणी फोनवर 'मग करते' म्हटलं की मला तो कॉरिडॉर आठवतो.

शुक्रवारी सकाळी एक्कावन्न. दुपारी मी खालापूरला गेले, मेडिकलमधून गोळ्यांची पट्टी घेतली आणि त्यांच्या घरी. मरीकाकींनी दार उघडलं, पण आत ये म्हणाल्या नाहीत. खिडक्यांना चादरी लावलेल्या. काका खाटेवर बसलेले, डोकं भिंतीला, चेहरा एका बाजूने सुजलेला, ओठ सुकून फाटलेले. दोन दिवसांत माणूस अर्धा झाला होता. मला बघून त्यांनी भुवया उंचावल्या. विचारत होते, पोर?

"एक्कावन्न," मी म्हटलं. पट्टीतून गोळी काढली, चमच्यात पाण्यात विरघळवली आणि डाव्या बाजूने त्यांच्या तोंडात घातली. मग खाली बसले. मरीकाकी दारात उभ्या. बऱ्याच वेळाने, अजून एक गोळी पोटात गेल्यावर, त्यांचा जबडा सुटला.

"काका, माझं चुकलं," मी म्हटलं. "तुमची तारीख गेली."

"माझं जास्ती चुकलं," ते म्हणाले. एकेक शब्द सांभाळून ठेवल्यासारखा येत होता. "तू मागितलंस तवा मला बरं वाटलं. लई बरं वाटलं गं. शिकलेली बाई, माझ्यावर हसलेली, ती हात जोडून उभी. वाटलं, बग आता, मी वाचवतो हिची पोर. मी! खांदा लावायला धरलेला माणूस, तो म्हणतो, येशू, तू हो बाजूला, मीच चढतो वर."

"असं नका बोलू."

"त्याला क्रुसावर तहान लागली तवा तो म्हणाला, तहान लागलीय. सगळ्यांच्या समोर म्हणाला. कुणीतरी आंबट काय ते तोंडाला लावलं, ते घेतलं त्यानं. लाजला नाय. आणि माझी ही मरी वाटी घेऊन दोन दिवस उभी, मी तोंड फिरवलं. कुणी सांगितलेलं मला?"

"मी सांगितलं होतं."

"तू आई हायस. तू बोलणारच. मला कळायला पायजे होतं."

मी भीतभीत विचारलं, कारण ते विचारल्याशिवाय मला त्या घरातून उठताच आलं नसतं. "मग तन्वी कशाने वाचली?"

"डॉक्टरनं वाचवली, सलाइननं वाचवली, देवानं वाचवली. माझं त्यात काय धरलं असंल, तर गोळी घेऊन पण धरलं असतं." ते थांबले. "त्याला दुखणं नको असतं गं. त्याला माणूस पायजे. माणसाकडं दुखणंच असलं, तर दुखण्यासकट घेतो, एवढंच."

दारातून मरीकाकी म्हणाल्या, "झालं सांगून? आता पेज घे."

नवी तारीख चार महिन्यांनी मिळाली. चार महिने ते त्याच मफलरात, त्याच बाकावर. त्यांची गोळी द्यायला मी स्वतः रस्ता ओलांडून जायची. दारावर रोज नाव असायचं, फक्त एक बदल झाला: कुणी नाव सांगायला आलं की ते आधी त्याच्यासमोर गोळी खायचे आणि मग खडू हातात घ्यायचे. अर्ध्या लोकांनी यायचंच सोडलं. म्हणे, काकांच्या कळेत आता दम राहिला नाही.

मरीकाकी माझ्याशी तुटक बोलायच्या. एकदा म्हणाल्या, "चार महिने, पोरी. मी एकेक दिवस मोजतेय." बरोबरच होतं त्यांचं.

इकडे माझं वेगळंच सुरू झालं होतं. तन्वी ठणठणीत, शाळेत जाते, भांडते, आणि मी मात्र थर्मामीटर घेऊन तिच्यामागे. शिंकली की कपाळाला हात लावून बघायची. मच्छर दिसला की जेवण सुटायचं. काकांनी ते हेरलं होतं. एक दिवस म्हणाले, "एवढी भीती बाळगतेस, ती कुणाच्या नावानं देतेस?"

"कुणाच्या म्हणजे? माझ्याच पोरीच्या."

"तिच्यापायीच तर लागलीय. दुसऱ्या कुणाच्या नावानं देऊन बग."

"मला नाही जमणार, काका. मी तुमच्या देवाची नाही."

"शिमोन तरी कुठं होता," ते म्हणाले.

ऑपरेशन झालं. चांगलं झालं. पण कानामागे टाके, वय झालेलं, आणि वसईला लेक एकटी. तिने दोघांना तिकडेच बोलावून घेतलं. दुकानातली हत्यारं एका पोत्यात मावली. मी शेवटची दाराकडे बघायला गेले तर दार ओल्या फडक्याने स्वच्छ पुसलेलं.

ज्या सकाळी ते जाणार होते त्याच सकाळी तन्वीला ताप होता. मी नवऱ्याला घरी बसवून स्टँडवर आले, पण लक्ष सगळं फोनमध्ये. पनवेलची एसटी लागली. मरीकाकी चढता चढता थांबल्या, माझ्या हाताला धरलं आणि म्हणाल्या, "पोरीला सांभाळ." एवढंच. पण धरलं.

काका खिडकीत बसले. खिडकीत! मफलर नाही. दोन्ही गाल गुळगुळीत, आणि उजवा गाल डाव्यापेक्षा गोरा, इतकी वर्षं ऊनच न लागलेला. गाडी सुरू झाली, हलली, वारा सुटला आणि त्यांनी एकदम तळहात वर केला. म्हटलं, कळ परत आली! मी गाडीबरोबर धावले.

पण डोळे उघडे होते. ते वारा बघत होते, हाताने आणि गालाने. पहिल्यांदाच मी त्यांना दोन्ही बाजूंनी हसताना पाहिलं.

"ताप किती?" त्यांनी खिडकीतून विचारलं.

"एकशे एक!" मी ओरडले. "काका, नाव घ्या ना तिचं!"

"घेतो गं, घेतो. पण माझ्याकडं आता द्यायला काय नाय," ते म्हणाले. "तुझ्याकडं हाय."

गाडी हायवेकडे वळली. खिडकीतला हात वळणापर्यंत दिसत होता.

मी मेडिकल उघडलं. फोनकडे बघता बघता कुलूप हातातून दोनदा सुटलं. पायरीवर एक बाई बसली होती, डोंगरातल्या वाडीवरून आलेली असावी, मांडीवर तापाने मलूल झालेलं पोर, हातात डॉक्टरची चिठ्ठी. मी औषध काढलं, किती वाजता किती द्यायचं ते सांगितलं. मग, इतक्या वर्षांत कधी कुणा गिऱ्हाइकाला विचारलं नव्हतं ते विचारलं.

"नाव काय हो हिचं?"

"सोनी," ती म्हणाली.

काउंटरमागे, कुणाला दिसणार नाही असा, मी तळहात वर केला.